रॉय यांचं अॅडाप्टेशन मॉडेल: चार रकाने भरले, विश्लेषण कुठे आहे?

प्रश्न विचारणाऱ्या सिस्टर मुंबईत एम.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहेत. अॅडव्हान्स्ड नर्सिंग प्रॅक्टिसच्या पेपरसाठी त्यांना अमेरिकन नर्सिंग-तज्ज्ञ कॅलिस्टा रॉय यांच्या अॅडाप्टेशन (बदलांशी जुळवून घेण्याच्या) मॉडेलचं विश्लेषण करायला दिलंय. त्यांनी रॉय यांचा परिचय, जुळवून घेण्याचे चार मोड (शरीर, स्वप्रतिमा, भूमिका, परस्परावलंबन), तीन प्रकारचे स्टिम्युलाय (वागण्याला ढकलणाऱ्या गोष्टी), सहा पायऱ्या आणि रंगीत आकृती असं सगळं लिहून दिलं. मॅडमनी ‘हे वर्णन झालं, विश्लेषण कुठे आहे?’ असा शेरा मारून ते परत केलं. त्यांचा दुसरा प्रश्न असा, की खच्चून भरलेल्या जनरल वॉर्डात ही थिअरी खरंच कोणी वापरतं का, की ती परीक्षेपुरतीच आहे?

मी मेडिसिन वॉर्ड आणि डायलिसिस युनिटमध्ये सिस्टर म्हणून काम केलं आणि नंतर शिकवण्याकडे वळले. त्यामुळे उत्तरातलं उदाहरण डायलिसिसचं येईल. तुमची पोस्टिंग दुसरीकडे असेल तर पेशंट बदला, विचाराची रीत तीच ठेवा.

सिस्टर, तुमच्याकडे माहिती कमी पडलेली नाही. पुस्तकाने ज्या क्रमाने सांगितलं त्याच क्रमाने तुम्ही ते पुन्हा सांगितलंत, थिअरीला प्रश्न मात्र एकही विचारला नाहीत. ‘रॉय यांनी चार मोड सांगितले आहेत’ हे वर्णन. ‘चारपैकी तीन मोड मनाशी आणि नात्यांशी संबंधित आहेत आणि एकच वागणं त्या तिन्हींत बसू शकतं, त्यामुळे दोन सिस्टर एकाच पेशंटची नोंद वेगवेगळ्या ठिकाणी करतील’ हे विश्लेषण. दुसरं वाक्य पाठांतरातून येत नाही. मॉडेल एखाद्या खाटेपाशी नेऊन वापरल्यावरच ते सुचतं.

लिहायला बसण्याआधी मॅडमना एक विचारून घ्या: थिअरी तपासायची चौकट कोणाची हवी? कारण यावर बरंच काही अवलंबून आहे. जॅकलिन फॉसेट यांच्या पद्धतीत अॅनालिसिस आणि इव्हॅल्युएशन ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात स्वतःचं मत द्यायचंच नसतं. मॉडेल कुठून आलं, व्यक्ती, पर्यावरण, आरोग्य आणि नर्सिंग यांबद्दल त्यात काय म्हटलंय, या संकल्पना एकमेकींना कशा बांधल्यात, हे उलगडून दाखवायचं. बरंवाईट ठरवायचं ते दुसऱ्यात. चिन आणि क्रेमर यांच्या पद्धतीत प्रश्न पाच: थिअरी स्पष्ट आहे का, साधी आहे का, किती ठिकाणी लागू पडते, तिच्यातल्या संकल्पना प्रत्यक्षात पकडता येतात का, आणि ती महत्त्वाची आहे का. वॉकर आणि अॅव्हंट यांची पद्धत तर्कावर आणि तपासणीवर जास्त भर देते. मॅडमच्या मनात फॉसेट असतील आणि तुम्ही चिन-क्रेमर लिहून नेलंत, तर पुन्हा शेरा येईल. त्यांनी ‘कुठलीही चालेल’ म्हटलं तर पहिल्या वर्षासाठी मी चिन-क्रेमर सुचवेन. पाच प्रश्न डोक्यात राहतात आणि वॉर्डात फिरताना विचारता येतात.

उगम: चरित्र नको, दुवे दाखवा

रॉय यांचा जन्म १९३९ चा, लॉस एंजेलिसचा. त्या सिस्टर्स ऑफ सेंट जोसेफ ऑफ कॅरोंडलेट या संघातल्या साध्वी. मुलांच्या वॉर्डात काम करताना त्यांना दिसलं की आजारातल्या मोठ्या बदलांनाही मुलं लवकर सावरतात. कॅलिफोर्निया विद्यापीठात, लॉस एंजेलिसला, पदव्युत्तर शिक्षण घेताना त्यांच्या शिक्षिका डोरोथी जॉन्सन यांनी नर्सिंगचं स्वतःचं मॉडेल मांडायचं आव्हान दिलं आणि ही कल्पना तिथे आकाराला आली. १९७० साली तिच्यावरचा पहिला लेख छापून आला. माउंट सेंट मेरीज कॉलेजने अभ्यासक्रमच या मॉडेलवर उभा केला. पुढे १९७७ मध्ये रॉय यांनी समाजशास्त्रात पीएच.डी. केली.

एवढं तुम्हीही लिहिलं असेल. आता यातली प्रत्येक गोष्ट मॉडेलच्या कुठल्या भागात उतरली, ते दाखवा. फोकल (सगळ्यात जवळचा), कंटेक्स्च्युअल (भर घालणारा आजूबाजूचा) आणि रेसिड्युअल (नुसता संशय असलेला) ही तीन स्टिम्युलायची विभागणी मानसशास्त्रज्ञ हॅरी हेल्सन यांची, १९६४ च्या त्यांच्या मांडणीतली. हेल्सन यांचं काम मुख्यतः संवेदनांवरचं. रोज जड ओझं उचलणाऱ्या माणसाला जे हलकं वाटतं, ते दुसऱ्याला जड वाटतं, कारण आधीच्या अनुभवाने त्याची पातळी ठरलेली असते. इनपुट, आउटपुट आणि फीडबॅक ही भाषा बर्टालन्फी यांच्या सिस्टीम थिअरीची. रोल फंक्शन, म्हणजे भूमिकेच्या मोडमधल्या प्रायमरी, सेकंडरी आणि टर्शरी भूमिका समाजशास्त्राच्या. आणि माणसाच्या जगण्याला एक समान हेतू आहे हे तत्त्व, ज्याला त्या व्हेरिटिव्हिटी म्हणतात, ते त्यांच्या श्रद्धेच्या बाजूने आलेलं.

इथे पहिला टोकदार प्रश्न विचारता येतो. उजेड, रंग आणि वजनं यांच्या जाणिवेसाठी बनवलेली विभागणी नवऱ्याची नोकरी जाणं किंवा पाय कापला जाणं अशा गोष्टींना जशीच्या तशी लावता येते का? प्रयोगशाळेत वजन ग्रॅममध्ये मोजता येतं. घरातल्या काळजीचं माप कुठलं? हा प्रश्न लिहून ठेवा, तो पुढे लागणार आहे.

आणखी एक, ज्यावर मुलींचे मार्क हमखास जातात. हे मॉडेल १९७० पासून एका जागी थांबलेलं नाही. १९७६, १९८४, १९९१, १९९९ आणि २००९ अशा पुस्तकांतून ते बदलत गेलं. सुरुवातीच्या मांडणीत माणूस बाहेरच्या धक्क्यांना फक्त प्रतिसाद देतो असं वाटायचं आणि तशी टीकाही झाली. १९९७ मध्ये रॉय यांनी अॅडाप्टेशनची व्याख्या नव्याने केली, तिच्यात माणसाची जाणीव आणि निवड मध्यभागी आली. इंटिग्रेटेड, कॉम्पेन्सेटरी आणि कॉम्प्रोमाइज्ड या तीन पातळ्या, तसंच कुटुंब किंवा गट यांच्यासाठीचे स्टॅबिलायझर (स्थिर ठेवणारा) आणि इनोव्हेटर (बदल घडवणारा), हे सगळं नंतरच्या मांडणीतलं. गाइडमध्ये हे एकाच ताटात वाढलेलं असतं. तुम्ही कुठल्या सालची मांडणी तपासताय ते पहिल्याच पानावर लिहा. नाहीतर जुन्या व्याख्येवर टीका करून नव्या आकृतीचं कौतुक कराल.

एका खाटेपाशी

आता मुख्य भाग. पुढची पेशंट कोणी एक बाई नाही. अनेकजणींच्या हकिकती एकत्र करून मी ती वर्गात शिकवायला घडवली आहे. तिला आपण काकी म्हणू. वय पन्नाशीच्या अलीकडे, लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर घर, चपाती-भाजीचे डबे देण्याचा व्यवसाय. दोन्ही किडन्या निकामी, डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा), आठवड्यातून दोनदा डायलिसिस. दर वेळी तीन-चार किलो वजन वाढवून येतात. फाइलमध्ये शेरा ठरलेला: पाण्याचं पथ्य पाळत नाही, कौन्सेलिंग डन.

रॉय यांची पहिली पायरी वागणं टिपण्याची, कारण शोधण्याची नव्हे. चार मोड घेऊन बसलात तर असं दिसेल. शरीराच्या बाजूने वजन, पायावर सूज, जिना चढताना धाप, रात्री दोन उशा. स्वप्रतिमेच्या बाजूने, काकी फिस्टुलाच्या हातावर सतत पदर ओढून घेतात आणि ‘हात बघा कसा झालाय’ म्हणतात. भूमिकेच्या बाजूने, कणीक अजून त्याच मळतात आणि पहाटे नळाला पाणी आलं की हंडे त्याच उचलतात. परस्परावलंबनाच्या बाजूने, सगळ्यांना देतात, घेत कोणाकडूनच नाहीत. सुनेने चहा पुढे केला तरी ‘राहू दे गं, मी करते’.

दुसरी पायरी स्टिम्युलाय शोधण्याची. इथे दहापैकी नऊ केअर प्लॅनमध्ये फोकल स्टिम्युलस म्हणून एकच गोष्ट लिहिलेली असते: क्रॉनिक किडनी डिसीज. ते लिहिलं की मॉडेल तिथेच संपलं. कारण किडनीचा आजार तुम्ही दूर करू शकत नाही, मग खाली पुन्हा ‘पाणी कमी पिण्याचा सल्ला दिला’ एवढंच उरतं. फोकल स्टिम्युलस आजाराला चिकटलेला नसतो. जे वागणं तुम्ही टिपलंत, त्या वागण्याला आत्ता सगळ्यात जवळून ढकलणारी गोष्ट म्हणजे फोकल. वागणं बदललं की फोकल बदलतो, आणि एका मोडमधलं वागणं दुसऱ्या मोडमध्ये स्टिम्युलस बनू शकतं.

म्हणून वागणं नेमकं धरा: काकी ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त पाणी पितात. याचा फोकल स्टिम्युलस तहान. तहान का लागते? विचारलं तर कळतं की डब्याच्या प्रत्येक भाजीची चव त्याच बघतात, जेवताना लोणचं आणि चटणी लागतेच, आणि ज्योत विझू नये म्हणून गॅसपाशी पंखा बंद असतो. शरीरात मीठ वाढलं की मेंदू तहान लावणारच. हे रॉय यांच्या भाषेत रेग्युलेटरचं, म्हणजे शरीराच्या आपोआप चालणाऱ्या यंत्रणेचं काम, आणि ते चोख चाललंय. मिठाकडे न बघता ‘पाणी कमी प्या’ म्हणणं म्हणजे त्या यंत्रणेशी रोज झगडायला सांगणं. पेशंटला मधुमेह असेल तर वाढलेली साखरही तहानेत भर घालते, तेही बघा.

कंटेक्स्च्युअलमध्ये पुढच्या गोष्टी येतील: एप्रिल-मे महिन्यातला उकाडा, प्रत्येक गोळीबरोबर घेतलेला भरलेला पेला, डबा घ्यायला येणाऱ्यांबरोबरचा चहा. शेजारपाजारचं प्रेमही इथेच येतं, कारण मुंबईत आजारी माणसाला भेटायला जाताना शहाळं नेण्याची रीत आहे. डायलिसिसच्या पेशंटला त्यात नुसतं पाणी नाही, पोटॅशियमही मिळतं, आणि वाढलेलं पोटॅशियम हृदयाच्या ठोक्यांवर उठतं. भेटायला येणाऱ्यांना हे कोणी सांगितलेलं नसतं.

रेसिड्युअल म्हणजे ज्याचा परिणाम होत असावा असा आपल्याला संशय आहे, पण खात्री नाही. पोरी इथे ‘संस्कृती, श्रद्धा, शिक्षण’ लिहून मोकळ्या होतात. काकींच्या बाबतीत मला संशय असा येईल की त्यांच्या मनात आजाराच्या कारणाबद्दल काहीतरी आहे. मग विचारायचं: ‘काकी, हे कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं?’ उत्तर येतं, ‘कामाच्या नादात पाणीच प्यायले नाही कधी. म्हणून तर किडनी गेली.’ आता कळलं की ही बाई पथ्य मोडत नाहीये, स्वतःच्या समजुतीप्रमाणे इलाज करतेय. रॉय यांच्या मांडणीनुसार खात्री झाली की ती गोष्ट रेसिड्युअल राहत नाही, ती कंटेक्स्च्युअल होते. म्हणजे रेसिड्युअल हा रकाना भरण्यासाठी नसून रिकामा करण्यासाठी आहे. तुमच्या उत्तरात एवढा एक मुद्दा नीट आला तरी मॅडमना कळेल की तुम्ही मॉडेल वापरून पाहिलंय.

कॉग्नेटर म्हणजे मनाने जुळवून घेण्याची यंत्रणा. तिच्याबद्दल पुस्तकात चार वाटा दिल्या आहेत: जाणीव आणि माहितीवर प्रक्रिया, शिकणं, निर्णय, भावना. काकी माहिती ऐकतात, पण निर्णय जुन्या समजुतीवर घेतात. ‘कौन्सेलिंग डन’ने पहिल्या वाटेचं काम केलं, तिसऱ्या वाटेला हातही लावला नाही.

यातून पुढच्या पायऱ्या आपोआप सुटतात. रॉय यांच्या मॉडेलमध्ये हस्तक्षेप आधी स्टिम्युलसवर करायचा असतो, पेशंटला टाकून बोलायचं नसतं. भाजीत मीठ घालण्याआधी काकींची वाटी बाजूला काढायची. चव सुनेने बघायची. ज्या गोळ्या जेवणाबरोबर चालतात त्या डॉक्टरांना विचारून जेवणाबरोबर, घोटभर पाण्याने घ्यायच्या. दिवसाचं पाणी सकाळीच एका बाटलीत मोजून ठेवायचं. किती, ते युनिटचे डॉक्टर लघवीच्या प्रमाणावरून ठरवतील. किडनी गेल्यामुळे पाणी बाहेर पडत नाही, कमी पाण्यामुळे किडनी गेली नाही, हे त्यांच्या समजुतीचा मान ठेवून सांगायचं. उद्दिष्टही मोजता येईल असं लिहायचं: दोन आठवड्यांत, दोन डायलिसिसमधली वजनवाढ अडीच किलोच्या आत. ‘पेशंट परिस्थितीशी जुळवून घेईल’ असलं उद्दिष्ट लिहू नका, ते तपासणार कसं?

आता मॉडेल कुठे अडतं

इथपर्यंत मॉडेल जिंकलं. नुसतं एवढंच लिहिलंत तर ती थिअरीची जाहिरात होईल. काकींच्याच खाटेपाशी उभं राहून त्याच्या उणिवा बघू.

बांगड्यांपासून सुरुवात करते. फिस्टुलाच्या हातावर घट्ट काही नको: बांगडी नको, घड्याळ नको, बी.पी.चा पट्टा तर नकोच. काकी डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढायला तयार नाहीत. नवरा समोर असताना मोकळा हात त्यांना चालत नाही. हे वागणं कुठल्या मोडमध्ये लिहाल? शरीराची प्रतिमा म्हणून स्वप्रतिमेत? पत्नीची भूमिका म्हणून रोल फंक्शनमध्ये? नवऱ्याशी नातं म्हणून परस्परावलंबनात? तिन्ही बरोबर. रॉय स्वतःही मोड एकमेकांत गुंतलेले आहेत असंच म्हणतात, त्यामुळे याला चूक म्हणता येणार नाही. पण स्पष्टतेच्या कसोटीवर मॉडेल इथे कमी पडतं, आणि संशोधनात प्रत्येक मोडचं वेगळं मोजमाप करायला गेलात की हा गुंता डोकं वर काढतो. वॉर्डात मात्र याचा त्रास होत नाही. रकाना कुठलाही असो, प्रश्न सोडवायचा एकच असतो: हात मोकळा न वाटता फिस्टुला सुरक्षित कसा राहील. सैल, न रुतणारी एखादी बांगडी चालेल का, हे युनिटमध्ये विचारून ठरवता येतं.

दुसरी उणीव मला जास्त गंभीर वाटते. मॉडेल स्टिम्युलायची यादी करायला लावतं, त्यांचं वजन करायला शिकवत नाही. काकींच्या कंटेक्स्च्युअल यादीत गॅसपाशी बंद असलेला पंखा आहे, शहाळं आहे, आणि आठवड्यातून दोनदाच होणारं डायलिसिसही आहे. कागदावर तिन्ही एकाच रांगेत, एकाच आकाराच्या अक्षरात. आता हिशोब करा. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असेल तर मधलं अंतर दोन, दोन आणि तीन दिवसांचं. दोनदा असेल तर तीन आणि चार दिवसांचं. चार दिवसांत चार किलो म्हणजे रोजचा एक किलो. तीच बाई, तेवढंच पाणी पिऊन, दोन दिवसांनी आली असती तर दोन किलोच वाढलं असतं आणि फाइलमध्ये शेरा पडला नसता. म्हणजे ज्याला आपण पेशंटचं इनइफेक्टिव्ह (जुळवून न घेणारं) वागणं म्हणतोय, त्यातला मोठा वाटा वेळापत्रकाचा आहे. वेळापत्रक दोनदाचं का, तर खर्च, जाण्यायेण्याचा वेळ, बुडणारा धंदा, मशीनची उपलब्धता, योजनेचे कागद. मॉडेल या गोष्टी नाकारत नाही, पर्यावरणाची त्याची व्याख्या भरपूर मोठी आहे. पण ते सगळ्यांना पेशंटभोवतीचे स्टिम्युलाय मानतं आणि जुळवून घेण्याचं काम शेवटी पेशंटकडेच येतं. हेल्सन यांच्या प्रयोगातली वजनं मोजता येत होती, ही येत नाहीत. मघाचा प्रश्न इथे लागतो.

नंतरच्या मांडणीच्या बाजूने कोणी म्हणेल की रॉय माणूस आणि पर्यावरण दोघांच्या बदलाबद्दल बोलतात. बरोबर आहे, आणि हे तुम्ही लिहायलाच हवं. पण खाटेपाशी उभ्या असलेल्या सिस्टरला पर्यावरण कुठपर्यंत बदलता येतं? हंडे कोण उचलणार हे सुनेशी बोलून बदलता येतं. पाणी पहाटे किती वाजता येणार, हे नाही.

तिसरा मुद्दा, जुळवून घेतलं हे कोणी ठरवायचं? काकी डबे बंद करत नाहीत. डॉक्टरांच्या नजरेत हा हट्ट, माझ्यातल्या जुन्या डायलिसिस सिस्टरलाही कधी कधी तसंच वाटतं. पण त्या डब्यांवर घर चालतं आणि ‘मी अजून कामाची आहे’ ही भावनाही त्यावरच उभी आहे. रॉय यांनी कसोटी दिली आहे: जे वागणं टिकून राहणं, वाढ, पुनरुत्पादन, प्रभुत्व (परिस्थिती आपल्या हातात असणं) आणि माणूस-पर्यावरणाचं रूपांतर या उद्दिष्टांना धरून अखंडता वाढवतं ते अॅडाप्टिव्ह. आता टिकून राहणं आणि प्रभुत्व यांचंच भांडण झालं तर? मॉडेल निवाडा देत नाही. म्हणून मी विद्यार्थिनींना ‘इनइफेक्टिव्ह’ लिहिण्याआधी पेशंटला त्याबद्दल काय वाटतं हे एका ओळीत लिहायला लावते. पुष्कळदा ती ओळ लिहिल्यावर वरचा शब्द खोडावा लागतो.

बाकीच्या कसोट्यांवर थोडक्यात. साधेपणा नाही, संज्ञा फार आहेत. व्यापकता भरपूर: नवजात बाळापासून गावातल्या गटापर्यंत लागू करता येतं. तपासण्याच्या बाबतीत जपून लिहा. हे संकल्पनात्मक मॉडेल आहे, ते आख्खं एका अभ्यासात खरं किंवा खोटं ठरवता येत नाही. त्यातून मधल्या आवाक्याची, म्हणजे कमी व्यापक आणि तपासता येईल अशी थिअरी काढावी लागते आणि ती तपासावी लागते. या मॉडेलवर आधारलेल्या १६३ अभ्यासांचा आढावा रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे कोपिंगची प्रक्रिया मोजायला स्वतः रॉय यांनी एक मोजपट्टीही तयार केली. आपल्याकडच्या प्रबंधांत मात्र रॉय यांची आकृती पहिल्या प्रकरणात येते आणि थेट शेवटच्या प्रकरणात ‘मॉडेल उपयुक्त ठरलं’ म्हणून पुन्हा दर्शन देते. मधल्या पानांत तिचं काय झालं कोणी विचारत नाही. तुम्ही विचारा. काकींचं मीठ कमी केल्याने वजनवाढ कमी झाली तर त्याने शरीरशास्त्र खरं ठरतं. रॉय यांचं मॉडेल त्याने सिद्ध होत नाही. मॉडेलमुळे आपण मिठापर्यंत आणि त्या समजुतीपर्यंत पोहोचलो, एवढंच म्हणता येतं. ते कमी नाही, पण सिद्ध होणं वेगळं.

तुलनेसाठी एक परिच्छेद सेल्फ-केअरची थिअरी मांडणाऱ्या डोरोथिया ओरेम यांना द्या. त्यांनी काकींकडे बघून विचारलं असतं, स्वतःची काळजी घेण्यात ही बाई कुठे कमी पडते आणि ती उणीव सिस्टरने कशी भरायची. फिस्टुला रोज हात लावून तपासायला शिकवणं, थरथर जाणवली नाही तर लगेच युनिटला कळवणं, या कामाला ओरेम सरस. पण शिकवूनही पेशंट तसं का करत नाही, हे शोधायला मी रॉय यांच्याकडे जाईन.

वॉर्डात कोणी वापरतं का

पूर्ण फॉर्म भरून? नाही. एका सिस्टरकडे वॉर्डभर पेशंट असताना चारही मोडचं दोन पातळ्यांवरचं (आधी वागणं, मग स्टिम्युलाय) असेसमेंट प्रत्येकाचं करा असं सांगणाऱ्यांनी ड्युटी करून दाखवावी. आणि पेशंट धाप लागून निळा पडतोय किंवा पोटॅशियम वाढून ईसीजी बदललाय, तेव्हा मॉडेल बाजूला ठेवायचं, प्रोटोकॉल चालवायचा.

तरी एक छोटा तुकडा वापरता येतो आणि मी तो वापरायला लावत आले आहे. शिफ्ट बदलताना ओव्हर देताना ज्या पेशंटबद्दल ‘ऐकत नाही’, ‘सहकार्य करत नाही’, ‘सारखी बेल वाजवतो’ असं तोंडात येतं, त्या एकाच पेशंटचं एकच वागणं घ्यायचं आणि त्याला आत्ता काय ढकलतंय ते शोधायचं. प्रत्येक शिफ्टला असा एक पेशंट असतोच. पाच मिनिटं लागतात, तीही औषधं देता देता. उत्तर नेहमी मिळत नाही. मिळतं तेव्हा ते ‘पेशंटचा स्वभाव’ यापेक्षा बहुतेकदा हात घालण्याजोगं असतं. रात्री झोपत नाही म्हणून तक्रार असलेल्या आजोबांची खाट संडासाच्या दाराशी असते, वगैरे. मावशींना आणि वॉर्डबॉयलाही विचारा, पेशंट त्यांच्याशी मोकळं बोलतात.

लिहिताना उगम आणि मांडणीला एक चतुर्थांश जागा द्या, अर्धी जागा एका पेशंटवर मॉडेल चालवून बघायला, उरलेली उणिवांना. सहा पायऱ्या वेगळ्या लिहू नका, पेशंटच्या गोष्टीत त्या दिसू द्यात. आकृती हवीच असेल तर पुस्तकातली उतरवण्यापेक्षा तुमच्या पेशंटची काढा, बाणांवर मीठ, तहान, समजूत, वेळापत्रक असं लिहून. पेशंटचं नाव, खाट नंबर, आयपीडी नंबर कुठेही येऊ देऊ नका.

व्हायव्हामध्ये (तोंडी परीक्षेत) हमखास येणारा एक प्रश्न आत्ताच तयार करून ठेवा: व्हेंटिलेटरवर, गुंगीच्या औषधाखाली असलेल्या पेशंटला हे मॉडेल लागू होतं का? घाईत ‘नाही’ म्हणू नका. रेग्युलेटर तिथे काम करतोय, तो तुम्ही मॉनिटरवर आणि एबीजीमध्ये (रक्तातल्या वायूंच्या तपासणीत) वाचता. कॉग्नेटर कितपत चालू आहे, हे बाहेरून कळत नाही, म्हणून खाटेपाशी बोलताना तो ऐकतोय असं धरून बोलायचं. तीन मोडची माहिती नातेवाइकांकडूनच मिळणार, आणि ती त्यांच्या नजरेतली असणार, हेही सांगा. आणि बाहेरच्या बाकावर बसलेलं कुटुंब स्वतःच एक अॅडाप्टिव्ह सिस्टीम आहे. कामावर कोण जाणार, रात्री थांबणार कोण, गावी कळवायचं की नाही, हे त्यांनी ठरवलंय का, ते विचारा. ते नुसतं डगमगत असेल तर तिथला केअर प्लॅन आयसीयूच्या दाराबाहेर सुरू होतो.